जेवढा धोका, तेवढाच उपचार

स्तनातील गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, काखेतील लसिका ग्रंथींमध्ये रोगाचा मागमूस नाही, पेशी मंद गतीने वाढणाऱ्या आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसणाऱ्या, अशा कर्करोगाला डॉक्टर 'कमी धोक्याचा, सुरुवातीच्या अवस्थेतील' कर्करोग म्हणतात. 'कमी धोक्याचा' याचा अर्थ 'निरुपद्रवी' असा नाही. शस्त्रक्रियेने गाठ काढल्यावर रोग उलटण्याची आणि तो हाडे, यकृत, फुप्फुसे अशा दूरच्या अवयवांत जाण्याची शक्यता इतर प्रकारांच्या तुलनेत बरीच कमी, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या चार-पाच दशकांत कर्करोगशास्त्रातील संशोधकांचा एक मोठा गट अशा रुग्णांसाठी नवे औषध शोधण्याऐवजी वेगळ्याच प्रश्नामागे लागलेला आहे: सध्या दिल्या जाणाऱ्या उपचारांपैकी कोणता उपचार वगळला तरी चालेल?

हा प्रश्न का पडावा, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, एखाद्या उपचाराने रोग उलटण्याची शक्यता एक-तृतीयांशाने घटते. ज्या शंभर स्त्रियांपैकी तिसांचा रोग उलटणार आहे, त्यांना तो उपचार दिला तर दहाजणी वाचतात. पण ज्या शंभरांपैकी तिघींचाच रोग उलटणार आहे, त्यांच्यात त्याच उपचाराने एकीचाच फायदा होतो. उपचाराचे दुष्परिणाम मात्र दोन्ही गटांत सारखेच. केमोथेरपीने केस जातात, पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्ग होतो, बोटांना कायमच्या मुंग्या येऊ शकतात, काही औषधांनी हृदयाचे स्नायू दुबळे होतात, चाळिशीच्या आतल्या स्त्रीची पाळी अकाली जाऊ शकते. धोका जास्त असेल तर ही किंमत मोजणे शहाणपणाचे ठरते. धोका अगदी कमी असेल तर नव्याण्णव जणी एकीसाठी ती मोजत असतात. 'उपचाराने धोका तेहतीस टक्क्यांनी कमी होतो' हे वाक्य दोन्ही गटांसाठी खरे असते, म्हणूनच ते फसवे आहे. विचारायला हवा तो आकडा शंभरांपैकी किती जणींचा, हा.

जास्तीत जास्त कापावे, म्हणजे रोग मुळासकट जाईल, ही समजूत बराच काळ प्रमाण मानली जात होती. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील सगळ्या ग्रंथी एकत्र काढायच्या, अशी ती शस्त्रक्रिया होती. तिच्यामागचा तर्क असा की कर्करोग गाठीतून ग्रंथींकडे आणि तिथून पुढे पायरीपायरीने पसरतो. म्हणून जितके दूरवर कापावे तितके सुरक्षित. जवळजवळ पाऊणशे वर्षे जगभरच्या स्त्रियांच्या छाती खरवडल्यासारख्या सपाट झाल्या, हात सुजले, खांदे आखडले. दूरवर पसरलेल्या रोगाने होणारे मृत्यू मात्र त्यामुळे थांबले नाहीत.

पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी यांनी या समजुतीला आव्हान दिले, आणि तेही वादविवादाने नव्हे तर चाचण्यांनी. वेरोनेसींनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. एका गटावर हॉलस्टेडची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटात स्तनाचा गाठ असलेला चतुर्थांश भाग आणि काखेतील ग्रंथी काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन देण्यात आले. फिशर यांनी अमेरिकेत १९७६ पासून अशीच मोठी चाचणी घेतली. दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ साली एकत्रच प्रसिद्ध झाले. स्तन राखलेल्या आणि काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक नव्हता. फिशर यांच्या चाचणीत नुसती गाठ काढून रेडिएशन न दिलेल्या स्त्रियांपैकी ३९ टक्के जणींचा रोग त्याच स्तनात उलटला. रेडिएशन दिलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. म्हणजे कापण्यात कपात करता येते, पण कोणत्या आधारावर, हेही त्या आकड्यांनीच सांगितले. पुढची सगळी कपात याच पद्धतीने, एकेक चाचणी घेऊन, झाली आहे.

कमी धोका कोणाला, हे ठरते ते पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर. गाठीचा आकार आणि ग्रंथींची स्थिती यांबरोबर तिथे पेशींची ग्रेड पाहतात. पहिल्या ग्रेडच्या पेशी निरोगी पेशींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या असतात, तिसऱ्या ग्रेडच्या अगदी बिघडलेल्या आणि वेगाने दुणावणाऱ्या. त्यानंतर ईआर आणि पीआर, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरोन ही संप्रेरके पकडणारे रिसेप्टर पेशीवर आहेत का, हे पाहतात. हर-टू हे प्रथिन प्रमाणाबाहेर आहे का, हेही तपासतात. विभाजनाच्या तयारीत किती टक्के पेशी आहेत, ते 'केआय-६७' या चाचणीने कळते. ईआर-पीआर भरपूर, हर-टू नाही, ग्रेड पहिली किंवा दुसरी, केआय-६७ कमी, अशा गाठींना 'ल्युमिनल ए' म्हणतात. कमी धोक्याच्या गटात बहुतांशी याच गाठी मोडतात.

हा अहवाल नीट असला तरच पुढचे सगळे नीट होते. काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये पडला नाही, किंवा त्यात फार थोडा वेळ राहिला, तर रिसेप्टर असूनही चाचणी ते नाहीत असे दाखवू शकते. केआय-६७चे आकडे एका प्रयोगशाळेतून दुसरीत गेल्यावर बदलतात, म्हणून एकट्या त्या आकड्यावर निर्णय टांगणे धोक्याचे. बायोप्सी न करताच गाठ काढून टाकण्याची आणि तुकडा नुसत्या साध्या तपासणीला धाडण्याची सवय अजून गेलेली नाही. अशा वेळी कमी धोक्याची रुग्ण कोणती, हेच ओळखता येत नाही, आणि मग भीतीपोटी सगळे उपचार सगळ्यांना दिले जातात.

शस्त्रक्रियेत सर्वाधिक बदल झाला तो काखेत. पूर्वी प्रत्येक रुग्णाच्या काखेतील दहा-वीस ग्रंथी सरसकट काढल्या जात. त्याने हातातील लसिकेचा निचरा अडतो आणि साधारण पाचांपैकी एकीचा हात कायमचा सुजतो. घागर उचलणे, कणीक मळणे, शेतात खुरपणे अशा कामांत हा सुजलेला हात आयुष्यभर आडवा येतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड क्रॅग आणि आर्मांडो जुलियानो या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले की गाठीजवळ किरणोत्सारी द्रव्य किंवा निळा रंग टोचला तर तो आधी एक-दोन ठरावीक ग्रंथींत पोचतो. वेशीवरच्या पहारेकऱ्यासारख्या या ग्रंथी तेवढ्या काढून तपासायच्या. त्या स्वच्छ असतील तर पुढच्यांना हात लावायचा नाही. यालाच सेंटिनेल नोड बायोप्सी म्हणतात.

यानंतर आणखी पुढचा प्रश्न आला: पहारेकरी ग्रंथीत थोडा रोग सापडला तरी बाकीच्या काढायलाच हव्यात का? जुलियानो यांच्याच 'झेड-झिरो-झिरो-इलेव्हन' या चाचणीत अशा ८९१ स्त्रिया होत्या. एक किंवा दोन ग्रंथींत रोग असलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांच्या उरलेल्या ग्रंथी तशाच ठेवल्या. दहा वर्षांनी त्या गटातील ८६ टक्के आणि सगळ्या ग्रंथी काढलेल्या गटातील जवळपास ८४ टक्के स्त्रिया हयात होत्या. ही मुभा अटींसह होती, हे मात्र विसरले जाते. त्या सगळ्यांचा स्तन राखलेला होता, त्याला रेडिएशन ठरलेले होते आणि बहुतेकींना औषधेही मिळाली होती. स्तन पूर्ण काढलेल्या आणि रेडिएशन न मिळालेल्या रुग्णाला हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

अलीकडे तर पहारेकरी ग्रंथीही न काढता चालेल का, हे पाहिले गेले. मिलानमधील 'साउंड' चाचणीत दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत स्वच्छ काख असलेल्या १४०५ स्त्रियांचा अभ्यास झाला. ग्रंथी तपासलेल्या गटात पाच वर्षांनी ९७.७ टक्के आणि काखेला हातच न लावलेल्या गटात ९८ टक्के स्त्रियांच्या शरीरात रोग दूरवर पसरलेला नव्हता. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील 'इन्सेमा' चाचणीचे २०२४ मधले निकालही याच बाजूचे आले. तिथे हात सुजण्याचे प्रमाण ५.७ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर उतरले. त्यानंतर अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये पन्नाशी उलटलेल्या, पाळी गेलेल्या, लहान ल्युमिनल गाठीच्या ठरावीक रुग्णांत ही बायोप्सी टाळण्यास मान्यता दिली. इथे सोनोग्राफी करणाऱ्याचा हात आणि नजर यांवर सगळी भिस्त आहे, ही गोष्ट भारतात विशेष ध्यानात ठेवावी लागेल.

किरणोत्सारी द्रव्य आणि ते मोजणारे यंत्र ही लहान गावांतील रुग्णालयांना परवडणारी गोष्ट नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी त्यावर साधा पर्याय तपासून पाहिला. काखेच्या खालच्या भागातील, एका ठरावीक चेतेच्या खालची चरबी आणि तिच्यातील ग्रंथी तेवढ्या काढायच्या, ना रंग ना यंत्र. पहारेकरी ग्रंथी जवळजवळ नेहमी त्याच भागात असतात, असे त्यांना आढळले. कमी उपचाराचे संशोधन म्हणजे श्रीमंत देशांची चैन, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

रेडिएशनमध्ये कपात दोन प्रकारे झाली. पहिला प्रकार दिवसांचा. पूर्वी स्तनाला २५ बैठकांत, पाच आठवडे रेडिएशन दिले जाई. ब्रिटनमधील 'स्टार्ट' चाचण्यांनी १५ बैठका, म्हणजे तीन आठवडे, पुरतात हे सिद्ध केले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीने ४०९६ रुग्णांच्या अनुभवावरून सांगितले की एका आठवड्यात पाच बैठका दिल्या तरी रोग तेवढाच आटोक्यात राहतो. प्रत्येक बैठकीतील मात्रा मोठी असते, एकूण मात्रा मात्र कमी. गडचिरोली किंवा नंदुरबारहून मुंबईला आलेल्या रुग्णाला याचा अर्थ फार मोठा आहे. तिच्यासोबत घरातले एक माणूस येते, त्याची मजुरी बुडते, मुले शेजाऱ्यांकडे राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी अशा कुटुंबांचे आठवडेच्या आठवडे जातात. पाच आठवड्यांचा मुक्काम एका आठवड्यावर येणे, हा या मंडळींसाठी उपचार पुरा होणे आणि अर्धवट सुटणे यांतला फरक ठरू शकतो. शिवाय एकाच यंत्रावर कितीतरी अधिक रुग्ण बसतात, प्रतीक्षायादी आखूड होते.

संपूर्ण स्तनाऐवजी गाठीच्या जागेपुरतेच रेडिएशन, हा मात्रेचा व्याप आवरण्याचा आणखी एक मार्ग. भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक जयंत वैद्य आणि त्यांचे लंडनमधील सहकारी मायकेल बॉम व जेफ्री टोबायस यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच, गाठ काढलेल्या पोकळीत यंत्राचा गोलक ठेवून एकदाच रेडिएशन देण्याची 'टार्गिट' ही पद्धत विकसित केली. तिच्या निकालांवर तज्ज्ञांत बराच वाद झाला. निवडक रुग्णांत ती वापरली जाते.

दुसरा प्रकार म्हणजे रेडिएशन मुळीच न देणे. वय सत्तरच्या पुढे, गाठ लहान, ईआर पॉझिटिव्ह, अशा ६३६ अमेरिकी स्त्रियांची एक चाचणी १९९४ मध्ये सुरू झाली. सगळ्यांना टॅमॉक्सिफेन ही हार्मोनविरोधी गोळी, अर्ध्यांना सोबत रेडिएशन. दहा वर्षांत रोग स्तनात किंवा काखेत उलटला तो रेडिएशन घेतलेल्या दोन टक्के आणि न घेतलेल्या दहा टक्के स्त्रियांत. आयुर्मान सारखेच. पाठपुराव्याच्या काळात त्यांतील ३३४ जणींचे निधन झाले, पण त्यांतले स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू होते केवळ २१. बाकीच्या वार्धक्याने, हृदयविकाराने, इतर आजारांनी गेल्या. स्कॉटलंडमधून चालवलेल्या 'प्राइम-टू' चाचणीने पासष्टीपुढच्या १३२६ स्त्रियांत जवळजवळ हेच चित्र दाखवले: दहा वर्षांत स्तनात रोग उलटला तो रेडिएशनशिवाय ९.५ टक्के, रेडिएशनसह ०.९ टक्के, हयात स्त्रियांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास ८१ टक्के. या चाचणीतला एक तपशील जपून ठेवण्यासारखा आहे. रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ज्यांच्या गाठीत ईआरचे प्रमाण कमी होते, त्यांच्यात रोग उलटण्याचा दर दुप्पट होता. 'ईआर पॉझिटिव्ह' एवढाच शिक्का पुरत नाही. किती पॉझिटिव्ह, हे पाहावे लागते.

वयाने थोड्या लहान स्त्रियांचे काय? कॅनडातील 'ल्युमिना' चाचणीने पंचावन्नच्या पुढच्या, ल्युमिनल ए गाठीच्या ५०० स्त्रियांना रेडिएशन दिले नाही. फक्त हार्मोनविरोधी गोळ्या दिल्या. पाच वर्षांत २.३ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग उलटला. आकडा लहान आहे, पण पाच वर्षे हा काळही लहानच आहे.

केमोथेरपीच्या बाबतीत निर्णायक ठरली ती जनुकांची चाचणी. २००० च्या सुमारास अमेरिकेत एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बहुतेक गाठींसाठी केमोथेरपी सुचवली जाई. गाठीतील २१ जनुकांची क्रिया मोजून शून्य ते शंभर असा गुणांक देणारी 'ऑन्कोटाइप डीएक्स' ही चाचणी २००४ मध्ये शास्त्रीय जगापुढे आली. गुणांक जितका कमी, तितकी रोग दूरवर उलटण्याची शक्यता कमी. मधल्या गुणांकांच्या स्त्रियांचे काय करायचे, हा खरा पेच होता, कारण बहुतेक जणी तिथेच होत्या. तो सोडवण्यासाठी २००६ ते २०१० या काळात 'टेलरएक्स' चाचणीत १०,२७३ स्त्रियांची नोंदणी झाली. काखेत रोग नाही, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, अशा या स्त्रिया होत्या. दहापर्यंत गुणांक असलेल्यांना फक्त गोळ्या दिल्या. पाच वर्षांनी त्यांच्यातील ९९.३ टक्के जणींचा रोग दूरवर उलटलेला नव्हता. ११ ते २५ गुणांकाच्या स्त्रियांत चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना केमोथेरपीही दिली गेली. २०१८ मध्ये चाचणीचे नेतृत्व करणारे जोसेफ स्पारानो यांनी निकाल मांडला: नऊ वर्षांनी केमोथेरपीशिवाय ९३.९ टक्के आणि केमोथेरपीसह ९३.८ टक्के स्त्रिया हयात होत्या.

या निकालाने रातोरात असंख्य स्त्रिया केमोथेरपीतून सुटल्या. पण त्यातही एक अपवाद निघाला. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ गुणांकाच्या स्त्रियांना केमोथेरपीचा काही लाभ दिसला. २१ च्या पुढे तो अधिक ठळक. तो लाभ औषधाने थेट पेशी मारल्याने होतो, की केमोथेरपीने अंडाशय बंद पडून इस्ट्रोजेन आटल्याने, यावर अजून एकमत नाही. दुसरे कारण खरे असेल, तर अंडाशय थंड करणारे इंजेक्शन तेच काम कमी त्रासात करू शकेल. काखेतील एक ते तीन ग्रंथींत रोग असला तरी पाळी गेलेल्या आणि गुणांक कमी असलेल्या स्त्रियांना केमोथेरपीने जास्तीचा लाभ होत नाही, असे पुढे 'आरएक्सपाँडर' चाचणीत दिसले. युरोपात ७० जनुकांच्या 'मॅमाप्रिंट'वर आधारलेल्या 'माइंडॅक्ट' चाचणीने याच दिशेचे उत्तर दिले.

अडचण पैशांची आहे. परदेशातून होणाऱ्या या जनुक चाचणीला भारतात काही लाख रुपये पडतात, म्हणजे कधीकधी जुन्या, स्वस्त केमोथेरपीच्या खर्चाहून जास्त. परिणामी ज्या रुग्णाला केमोथेरपीची गरज नाही तिला ती स्वस्त पडते म्हणून दिली जाते, हा उफराटा प्रकार घडतो. मंजिरी बाकरे यांनी स्थापन केलेल्या बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम या कंपनीने 'कॅनअसिस्ट ब्रेस्ट' ही देशी चाचणी तयार केली आहे. जनुकांऐवजी ती गाठीतील पाच प्रथिने, गाठीचा आकार, ग्रेड आणि ग्रंथींची स्थिती यांवरून संगणकाच्या साह्याने धोका ठरवते. भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवर तपासली गेलेली आणि तुलनेने स्वस्त, हे तिचे बलस्थान. टेलरएक्सएवढ्या मोठ्या चाचणीचा आधार तिच्यामागे नाही, ही तिची मर्यादा. काही रुग्णांत तर कुठलीच महागडी चाचणी लागत नाही. पाळी गेलेली स्त्री, सात-आठ मिलिमीटरची पहिल्या ग्रेडची गाठ, ईआर-पीआर भरपूर, इतके दिसल्यावर निर्णय चांगला पॅथॉलॉजिस्ट आणि अनुभवी डॉक्टर मिळूनच करू शकतात.

हर-टू पॉझिटिव्ह गाठी मुळात आक्रमक असतात, त्यामुळे त्यांना कमी धोक्याच्या म्हणता येत नाही. तरीही त्या लहान असताना सापडल्या तर तीन-तीन केमोथेरपी औषधांचा मारा टाळता येतो. बॉस्टनच्या सारा टोलेनी यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासात तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि स्वच्छ काख असलेल्या ४०६ रुग्णांना पॅक्लिटॅक्सेल या एकाच केमोथेरपी औषधाचे बारा आठवड्यांचे डोस आणि वर्षभर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूविरोधी औषध दिले. तीन वर्षांनी ९८.७ टक्के रुग्णांत रोग उलटलेला नव्हता.

कमी धोक्याच्या गटात सर्वांत शेवटी हात लावला जातो तो हार्मोनविरोधी गोळ्यांना, आणि ते योग्यच आहे. टॅमॉक्सिफेन किंवा इस्ट्रोजेन तयार करणारे ॲरोमाटेज हे विकर रोखणारी औषधे पाच वर्षे घ्यायची असतात. टॅमॉक्सिफेनच्या पाच वर्षांनी ईआर पॉझिटिव्ह कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. पण सांधे ठणकणे, अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे यांना कंटाळून पुष्कळ जणी गोळ्या मधेच सोडतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. गर्भधारणेची इच्छा असलेल्या तरुण रुग्णांसाठी 'पॉझिटिव्ह' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने थोडी मोकळीक मिळवून दिली. दीड ते अडीच वर्षे गोळ्या घेऊन मग दोन वर्षांपर्यंत त्या थांबवणाऱ्या ५१६ स्त्रियांत तीन वर्षांच्या काळात रोग उलटण्याचे प्रमाण ८.९ टक्के राहिले. तुलनेसाठी घेतलेल्या गटात ते ९.२ टक्के होते.

कर्करोगाच्या पेशी दुधाच्या नळीतच अडकून असतात आणि बाहेरच्या ऊतीत शिरलेल्या नसतात, त्या अवस्थेला डीसीआयएस म्हणतात. मॅमोग्राफीच्या प्रसारामुळे ती वाढत्या प्रमाणात सापडते. तिच्यावर कर्करोगासारखीच शस्त्रक्रिया व रेडिएशन करायचे, की कमी ग्रेड असेल तर लक्ष ठेवून थांबायचे? अमेरिकेतील 'कॉमेट' चाचणीत ९५७ स्त्रियांपैकी नेहमीचे उपचार ठरलेल्या गटात दोन वर्षांत ५.९ टक्के आणि निरीक्षणाखाली ठेवलेल्या गटात ४.२ टक्के जणींना पसरणारा कर्करोग आढळला. निकाल दिलासा देणारा आहे. दोन वर्षे म्हणजे मात्र नुसती सुरुवात.

वेगवेगळ्या चाचण्यांतून मिळालेल्या या सगळ्या सवलती एकाच रुग्णाला एकत्र देता येत नाहीत. रेडिएशन वगळण्याची मुभा गोळ्या घेण्याच्या भरवशावर दिलेली असते. जी स्त्री वर्षभरात गोळ्या सोडणार आहे, तिच्यासाठी ती मुभा लागू होत नाही. काखेची तपासणी टाळली तर ग्रंथींत किती रोग होता, हे कळत नाही, आणि रेडिएशनचा किंवा केमोथेरपीचा निर्णय कधीकधी त्या माहितीवरच अवलंबून असतो. म्हणून शल्यचिकित्सक, रेडिएशनतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ यांनी गाठ काढण्याआधी एकत्र बसून ठरवणे हाच खरा मार्ग. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या उपचार-मार्गदर्शिकांचा उपयोग इथे होतो.

औषध कंपन्यांना कमी औषध देण्याच्या चाचण्यांत रस नसतो, हे उघड आहे. म्हणूनच यांतल्या बहुतेक चाचण्या सरकारी निधी, विद्यापीठे आणि धर्मादाय संस्थांच्या बळावर झाल्या. शिवाय अशा चाचणीला हजारो रुग्ण लागतात. नवे औषध चांगले आहे, हे दाखवायला मोठा फरक पुरतो. 'कमी उपचार वाईट नाही' हे दाखवायला अगदी लहान फरकही नाही, याची खात्री पटवावी लागते.

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १.९२ लाख नव्या रुग्णांचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांना हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी होतो आणि अनेकींची गाठ मोठी झाल्यावरच त्या रुग्णालयात पोचतात. त्यामुळे कमी धोक्याचा गट इथे तुलनेने लहान आहे. तो वाढवायचा तर गाठ लवकर सापडायला हवी. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून वीस वर्षे चाललेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दीड लाखांहून अधिक स्त्रियांपैकी अर्ध्यांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. त्या गटात गाठी आधीच्या अवस्थेत सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. यंत्र लागले नाही.

ल्युमिनल गाठींचा स्वभाव असा की त्या उशिरा उलटतात. पाच वर्षे गोळ्या घेतलेल्या, लहान गाठ आणि स्वच्छ काख असलेल्या स्त्रियांतही पाचव्या ते विसाव्या वर्षांदरम्यान सुमारे १३ टक्के जणींच्या शरीरात रोग दूरवर आढळला, असे २०१७ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आले. त्यामुळे साउंड, ल्युमिना आणि कॉमेट यांच्या दहा-पंधरा वर्षांच्या आकड्यांची वाट पाहिली जात आहे. इटलीतील फ्लोरेन्सहून चालवली जाणारी 'युरोपा' चाचणी तर प्रश्नच उलटा विचारते: सत्तरीपुढच्या, ल्युमिनल ए गाठीच्या स्त्रियांना गोळ्यांऐवजी नुसते रेडिएशन दिले तर? तिच्या सुरुवातीच्या अहवालात दोन वर्षांनी गोळ्या घेणाऱ्यांचे दैनंदिन जगणे रेडिएशन घेणाऱ्यांपेक्षा अधिक खालावलेले दिसले. रोग कोणत्या गटात किती उलटतो, याचे पाच वर्षांचे उत्तर त्या चाचणीतून यायचे आहे.